पहिला कोण आला

"देवरावकाका, पयला कोन आला, तेवडं सांगा. बाकी मी जुळवतो," कृष्णराव म्हणाले.

आमच्या मराठी समाजाच्या मंडळाला साठ वर्षं होत होती, म्हणून पुस्तक निघणार होतं. आपला समाज भिलाईत कसा आला, त्यात नाव काढलेले कोण कोण, असं सगळं. अध्यक्ष कृष्णराव वही घेऊन मरोदा वस्तीतल्या माझ्या घरी बसले होते. इंजिनियर झालेला, कबड्डी गाजवलेला, असे मान्यवर त्यांनी आधीच टिपले होते. जुन्यांतला जिवंत मी एकटा, चौऱ्याऐंशीचा. आता मला कशाचाच उत्साह राहिलेला नाही. खोटं बोलायचाही नाही.

"चिंधू," मी म्हणालो.

"कोन चिंधू?"

सांगावंच लागलं. साकोलीकडून सगळ्यांत आधी चिंधू आला. मरोद्यात त्याची झोपडी होती. गावाकडून जो येई, तो तिथंच उतरे. मी आठ महिने राहिलो. पोलादाच्या प्लांटात मला त्यानंच चिकटवलं, माझा डबासुद्धा तोच करायचा. पुढे त्यानं इथल्याच एका छत्तीसगढी बाईशी लग्न केलं आणि समाजाचं डोकं फिरलं. एका लग्नात तो पंगतीला बसला. त्याला उठवायचं ठरलं, पण उठवणार कोण? मोठ्यांनी मला पुढे केलं. मी त्याच्यापुढची पत्रावळ उचलली. पहिला घास त्याच्या हातातच होता.

त्यानं हात धुतला आणि गेला. त्यानंतर तीस वर्षं आम्ही एकाच प्लांटात होतो. तो समोरून आला की मी खाली वाकून सायकलची चेन बघायचो. लाज वाटायची, पण बोलायची हिंमत झाली नाही.

"पन काका, मंडळात हा मानूस कदी दिसला नाई."

"आमी दिसू देल्ला नाई."

कृष्णराव वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी वहीत नाव लिहिलं. मग म्हणाले, "फोटू आना. पयल्या पानावर टाकतो."

चिंधू दोन वर्षांपूर्वी वारला आणि हुडको वसाहतीत त्याच्या मुलाचं घर आहे, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ऑटोनं गेलो. माफी कशी मागायची, ते रस्ताभर घोकत होतो. दार त्याच्या नातीनं उघडलं. गुंजन तिचं नाव. मी मंडळाचं, पुस्तकाचं सांगितलं.

"मराठी समाज?" ती हसली. "अंकल, आप गलत घर आ गए. दादाजी तो छत्तीसगढ़िया थे."

"नाई माय, साकोलीचा होता तो. आमच्यातला."

तिला कळलं नाही. मग हिंदीत सांगितलं. ती हळूच खुर्चीवर बसली.

"घर में तो कभी नहीं बोले," ती म्हणाली. "पर आखिर में, यहीं पास के अस्पताल में, आठ दिन किसी और ही बोली में बोलते थे. पापा को लगा, दिमाग पर असर हो गया. बार-बार कुछ माँगते थे. हम पानी देते, चादर देते, वो सिर हिला देते."

"काय मांगत होता?" घाईत मी मराठीतच विचारलं.

"पता नहीं, अंकल. किसी को समझा ही नहीं."

तिनं कपाटातून फोटो काढून दिला. मी तो खिशात ठेवला. माफी तोंडातच राहिली.

हुडकोपासून मरोदा ऑटोनं वीस मिनिटं. ते आठही दिवस मी घरीच होतो.