बाराव्या पायरीचं कासव

मी एक जुनं दगडी कासव आहे, मित्रांनो, आणि मला फार भीती वाटते. बुडण्याची नाही. मला कोरडं राहण्याची भीती वाटते. हसू नका, आधी ऐका.

गोदावरीच्या काठी, पुणतांब्याच्या थोडं खाली, आमची छोटी बाजारपेठ आहे. एक वेस, एक दीपमाळ आणि दगडी घाट, एवढंच आमचं वैभव. पाहुणे दीपमाळेपुढे फोटो काढतात, माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. गाव मात्र माझ्याकडेच पाहायचं. पाथरवटाने मला खालून बाराव्या पायरीवर बसवलं होतं, ते उगाच नव्हे. पुराचं पाणी माझ्या पाठीवरून गेलं की तासाभरात ते वेशीतून बाजारात शिरायचं. म्हणून मी दिसेनासा झालो की हाकाटी व्हायची, "कासव बुडालं!" मग सगळा बाजार माल उचलून वरच्या आळीला जायचा. कितीतरी पूर आले, पण माणूस एकही दगावला नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वी घाटाला नव्या फरश्या बसवल्या. देवळाची झाडलोट करणारा गहिनीनाथ भला माणूस. तो मला पाहून हळहळला.

"देवाचं कासव दर साली गाळात जातं, बरं दिसत न्हाई," तो म्हणाला.

चौघांनी मला पहारीने उचकटलं आणि दीपमाळेच्या ओट्यावर, बाजारापेक्षा पुरुषभर उंच, नेऊन ठेवलं. हार घातला, नारळ फोडला. माझ्या जुन्या खोबणीत सिमेंट भरलं. मला पाहून पाणी जोखायची गावाची सवय मात्र तशीच राहिली, आणि माझी भीती त्या दिवसापासूनची.

गेल्या सप्टेंबरात एका सोमवारी भर दुपारी बाजार भरला होता. आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पाऊस वर नाशिककडे पडला होता. धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज गहिनीनाथच्या मोबाईलवर आला. वेशीच्या आत भीमाबाई मिरची विकत बसली होती. तिची चार महिन्यांची नात आरती शेजारच्या पडवीत झोळीत निजली होती.

"नाथा, पानी चढतंय व्हय?" भीमाबाईने विचारलं.

त्याने मोबाईल पाहिला, मग मला पाहिलं. "चढतंय, पन कासव कोरडं हाय. बसा निवांत."

"मंग भ्यायचं कारन न्हाई."

मला ओरडायचं होतं, पण दगडाला कुठला आवाज? माझी बारावी पायरी बुडताना मी वरून पाहिली. खाली भीमाबाई मिरची तोलत होती. एकही जण उठला नाही.

पाणी आधी घोट्याला लागलं, मग पाहता पाहता कमरेला. पळापळ झाली. मिरच्या तरंगत निघाल्या. भीमाबाई पडवीकडे हात करून नुसती "माझी पोर, माझी पोर" म्हणत होती. गहिनीनाथ पाण्यात शिरला. झोळीचं बूड भिजलं होतं. छातीभर पाण्यातून त्याने आरतीला डोक्यावर धरून बाहेर आणलं. तेव्हाही माझ्या पाठीला थेंब लागला नव्हता.

पाणी ओसरल्यावर भीमाबाई माझ्यापुढे आली. एरवी ती कुंकू लावायची.

"तुज्यावर इस्वास ठिवला म्या," एवढंच ती बोलली.

"त्याची चूक न्हाई, मावशी," गहिनीनाथ मान खाली घालून म्हणाला. "आमीच त्याला हलवलं. ठिवतो परत खाली."

त्याला दहा महिने झाले. नव्या फरश्या फुटतील म्हणून काम राहून गेलं. भीमाबाई आता वरच्या आळीलाच बसते. तिच्या जागी कुणी नवा भाजीवाला आला आहे; "कासव बुडालं की उठायचं" एवढंच त्याच्या कानावर आलंय.

आज सोमवार आहे. सकाळपासून पाणी गढूळ येतंय, सातवी पायरी दिसेनाशी झाली आहे. मघाशी त्या भाजीवाल्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पोत्याचं तोंड सोडून माल मांडायला घेतला.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची असेल, तर ती आहे तिथे कशासाठी ठेवली होती, हे आधी कुणाला तरी विचारा. मला हार नको, कुंकूही नको. माझी पायरी मला परत द्या, आणि पूर आला की मला बुडू द्या.