लाल दोऱ्याचा एकोणीस

आमच्या वसतिगृहात नाव फक्त वर्गात चालायचं. बाकी सगळीकडे नंबर. खाट, ट्रंक, ताट, पेला, छत्री, आणि मुख्य म्हणजे कपडे. मे महिन्यात शाळेचं पत्र घरी यायचं. त्यात मुलीचा नंबर इंग्रजी आकड्यांत लिहिलेला असायचा आणि खाली सूचना: प्रत्येक कपड्यावर, मानेच्या आतल्या बाजूला, लाल दोऱ्याने हा नंबर काढून आणावा. सोमवारी धुणं जायचं, गुरुवारी परत यायचं. धुण्याच्या लंकाबाई नंबर बघून कपडे भिंतीतल्या खणांत टाकायच्या. एखादीने "बाई, तो माझा फ्रॉक" म्हटलं, तर त्या मान वर न करता म्हणायच्या, "नंबर बोल."

माझा नंबर एकोणीस. माझ्याआधी तो माझ्या थोरल्या बहिणीचा, शुभांगीताईचा होता. ती दहावी होऊन नर्सिंगला गेली आणि मी मेट्रनच्या मागे लागून तिचाच नंबर मागून घेतला. नंबराबरोबर खाट यायची, आणि एकोणीस नंबरची खाट खिडकीशी होती. तिथून फाटक दिसायचं. रोज घरून शाळेत येणाऱ्या मुली सकाळी तिखट-मीठ लावलेले पेरू त्या खिडकीच्या गजांतून आत द्यायच्या, आणि पहिला पेरू अर्थातच माझा असायचा. आमच्या पिंपळगावच्या घरात मला असा मान कधी मिळाला नाही.

१९९६ साली मी नववीत होते आणि आमच्या डॉर्मिटरीची मॉनिटर होते. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. अजूनही असतो, पण आता नवरा सोडून कुणी तसं तोंडावर बोलत नाही. त्यात मे महिन्याच्या सुट्टीत माझी उंची एकदम चार बोटं वाढली होती आणि सगळ्या मला 'खांब' म्हणत होत्या.

अशात शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच गुरुवारी माझ्या खणात माझ्या कपड्यांवर एक गणवेश निघाला. एवढासा. माझ्या कोपरापर्यंतही येईना. त्याच्याखाली दोन पेटीकोट आणि एक बारीक फुलांचा फ्रॉक. मानेला लाल दोऱ्याने ठसठशीत 19.

"लंकाबाई, हे माझे नाहीत."

"नंबर काय?"

"एकोणीस."

"मग तुझेच."

मागे दोघीतिघी खुसखुसल्या आणि माझी खात्रीच पटली. कुणीतरी माझ्या उंचीची टर उडवायला हे बाहुलीचे कपडे शिवून खणात टाकलेत! मी ते सगळे ट्रंकेच्या तळाशी कोंबले. मी चिडले हे दिसलं असतं तर त्यांना आणखी चेव आला असता. पुढच्या गुरुवारी परत तेच. आता चादर आणि टॉवेलही. मी दात-ओठ खाल्ले, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी, प्रार्थनेच्या घंटेआधी, मी दात घासायला गेले तर नळाशी पाचवीतली नवी मुलगी कपडे धूत होती. सरिता नाव तिचं. पेठच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावरून आलेली, नंबर एकसष्ट. नळावर कपडे धुवायला सक्त मनाई होती. माझ्यातली मॉनिटर लगेच जागी झाली.

"ए एकसष्ट! धुणं सोमवारी असतं, माहीत नाही?"

ती दचकली. तिने अंगाला फक्त टॉवेल गुंडाळला होता, तोही कुणाचातरी मागून आणलेला. हातात एकुलता एक गणवेश. तो तिने पिळला, झटकला आणि माझ्या डोळ्यांदेखत ओलाच अंगात घातला. मग एक शिंक दिली.

"तुझे बाकीचे कपडे कुठेत?"

मी तिला धरून वळवलं आणि मानेशी पाहिलं. लाल दोरा. 19.

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. 61 उलटा धरा, 19 होतो. मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या रागाची लाज वाटली. दोन आठवडे ही पोर ओले कपडे घालत होती आणि तिचे कोरडे कपडे मी ट्रंकेत कोंबत होते.

"तुला माहीत होतं?"

"आधी नाय," ती म्हणाली. "मंग वर्गात इंग्रजी आकडे शिकवले, तवा कळलं."

घरी काय घडलं ते तिने हळूहळू सांगितलं. तिचे वडील, देवराम, शाळेचं पत्र समोर जमिनीवर ठेवून बसले होते. त्यांच्यासमोर आई, वत्सलाबाई, मांडीवर कपडे घेऊन. ती शाळेत कधी गेलेली नाही. जसं दिसलं तसं तिने एकेक कपड्यावर काढलं. आठ दिवस, शेतातून आल्यावर, उजेड असेपर्यंत. इंग्रजी आकडे तिघांपैकी कुणालाच वाचता येत नव्हते, त्यामुळे आपण कागदाच्या उलट्या बाजूला बसलोय हे तिला सांगणार कोण?

"अगं मग सांगायचं ना! उसवून नीट करू की."

हे ऐकल्याबरोबर तिने दोन्ही हातांनी मान झाकली. "नका उसवू, ताई. आई भेटीला येईल, तवा पयलं हेच बघंल. तिला कळलं तर ती म्हणंल, माज्यामुळं पोरीचे हाल झाले. बाबा बोललेत, दिवाळीपर्यंत बघू, नाय जमलं तर घरी आणू. मंग नेतीलच मला."

"तुला राहायचंय का इथे?"

"व्हय." तिने आवारातल्या चॅपेलकडे, आमच्या प्रार्थनाघराकडे, बोट केलं. "मला ती पायपेटी शिकायचीय. मिस बोलल्या, पाय पोचले की शिकवीन."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. पोचायला अजून बराच अवकाश होता. म्हणजे तिला दिवाळीनंतरही इथेच राहायला हवं होतं.

भालेराव मेट्रन तेवीस वर्षं वसतिगृह सांभाळत होत्या आणि त्यांची जाड वही बायबलच्या शेजारी असायची. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "हिला एकोणीस द्या, मला एकसष्ट करा." शुभांगीताईचा नंबर होता तो. पण सरिताचे नंबर थेट कापडावर भरलेले होते, उसवले तर सुईची भोकं दिसली असती. माझे मात्र वेगळ्या पट्टीवर काढून वर शिवलेले होते.

"नंबर म्हणजे काय केसातली रिबीन आहे?" मेट्रन म्हणाल्या. "आज ही, उद्या ती? तिचे उसवायचे आणि सरळ घालायचे. चूक झाली की सुधारायची."

"चूक तिच्या आईची नाहीच! वर कुठलं आणि खाली कुठलं हे आपण पत्रात लिहिलं होतं का?"

"आवाज खाली, सुवर्णा. माझ्या वहीत एकोणीस म्हणजे तू आणि एकसष्ट म्हणजे ती."

"मग वही उलटी धरा!"

बोलून गेले आणि मलाच धडकी भरली. मेट्रनशी असं कुणी बोलत नसे. सरिता माझ्या मागे लपली. मेट्रननी चष्मा सारखा केला, माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. आणि खरंच, सावकाश, दोन्ही हातांनी ती जाड वही उलटी फिरवली. माझ्या नावापुढे बोट ठेवलं. बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मेट्रन हसतात हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं! डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पण नंबराबरोबर खाटही जाते. एकसष्ट कुठली माहीत आहे ना?"

माहीत होती. न्हाणीघराच्या दाराला लागून. दार वाजणार, बादल्या वाजणार, आणि पेरू तिथवर पोचेपर्यंत फक्त देठ उरणार. मी खिडकीकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि म्हटलं, "चालेल." चालणार नव्हतं, पण तोंडातून शब्द गेला होता.

शनिवारी दुपारी रफूचा तास असायचा. त्या दिवशी अख्खी डॉर्मिटरी माझ्या कपड्यांवर बसली. मला 'खांब' म्हणणाऱ्याही होत्या. आधी आम्ही नवे आकडे काढायला दोरा कापला. मग सरिता हळूच म्हणाली, "ताई, नवे कशाला? पट्टी उसवून नुसती उलटी लावा." त्यावर जो हशा पिकला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. तासाभरात सगळ्या पट्ट्या फिरल्या. संध्याकाळी सरिता बारीक फुलांच्या कोरड्या फ्रॉकमध्ये जेवायला आली आणि तिने दोनदा आमटी-भात मागून घेतला.

भेटीचा रविवार महिन्यातून एकदा असायचा, पण भाताच्या लावणी-निंदणीत तिच्या घरच्यांना सवड कुठली? ते आले ते ऑक्टोबरात, दिवाळीआधीच्या शेवटच्या भेटीच्या रविवारी. पेठच्या एसटीतून उतरून चालत आले होते. देवराम अंगाने काटक, अबोल. वत्सलाबाईंच्या हातात नागलीच्या भाकरी आणि दोन मोठ्या काकड्या. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि सर्वांत आधी तिची कॉलर उलटवून पाहिली. मग म्हणाल्या, "खण कुठं हाय तुजा?"

सरिताने वाटेत नंबराबरोबर मिळालेली खिडकीशी आपली खाट दाखवली आणि मग खण. वत्सलाबाईंनी खणावर रंगवलेल्या आकड्यावरून बोट फिरवलं, मग कॉलरवरच्या. दोन्ही सारखे. "हां," त्या म्हणाल्या, "हेच." आणि नवऱ्याकडे अशा ऐटीत बघितलं की मला आनंदाने रडूच आलं. ते लपवायला मी पटकन त्यांच्या पाया पडायला वाकले.

तिथेच घात झाला. वाकल्यावर माझी पट्टी मानेवर बाहेर आली. त्यांनी मायेने ती आत सारायला हात लावला आणि हात तिथेच थांबला. पट्टीभोवती जुन्या टाक्यांची भोकं होती. त्यांनी मान तिरकी केली, आणखी तिरकी केली. मग पट्टी आत सारली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "बाय, तुजी खाट कुठली?"

मी न्हाणीघराच्या दाराकडे बोट दाखवलं. देवराम जाताना फक्त म्हणाले, "दिवाळीला न्यायला येतो." परत आणून सोडतो, असं नाही म्हणाले.

दिवाळीची सुट्टी मी नुसती धुसफुसत काढली. आईने दोनदा विचारलं, तुला झालंय काय? मला वाटत होतं, माझ्या वाकण्याने सगळा घोळ झाला. वत्सलाबाईंना कळलंय. आता त्या पोरीला ठेवून घेतील.

शाळा उघडली त्या दिवशी मी दुपारपर्यंत फाटकाशी उभी होते. घरून येणाऱ्या मुलींनी पेरू दिला, तोही तसाच हातात राहिला. दोन वाजले. मेट्रन दोनदा येऊन बघून गेल्या. आणि मग रस्त्याच्या वळणावर डोक्यावर ट्रंक घेतलेले देवराम दिसले, आणि त्यांच्या मागे, जवळजवळ पळत, सरिता.

"ताई, आलू मी!" तिने लांबूनच हाक मारली.

मी पेरू फेकून धावले. तिने धापा टाकत माझ्या हातात एक कापडी पिशवी ठेवली. "आईनं दिली. तुमच्यासाठी."

जाड पांढऱ्या कापडाची पिशवी होती, चारी बाजूंनी बारीक टाके. मधोमध लाल दोऱ्याने काढलेलं: 61. आणि त्याच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ लाल रेघ.

"माजे आकडे बघून शिकली ती सुट्टीत," सरिता म्हणाली. मग तिने स्वतःची कॉलर उलटवली. तिच्या 19 खालीसुद्धा तशीच नवी रेघ होती. "आई बोलली, पोरींना सांग, रेघ खाली धरायची. मंग कुणाचं उलटं होत नाय."

मेट्रननी पिशवी हातात घेतली, चष्मा पुसला आणि तिथेच फाटकात उभं राहून काखेतल्या वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या मे महिन्यात घरोघरी जे पत्र गेलं, त्यात एक वाक्य जास्तीचं होतं: नंबराच्या खाली एक रेघ काढावी.