पहिलं 'नको' मोजायचं नसतं

मी एक जुनी विजेची किटली आहे, मित्रांनो. कधी काळी पांढरीशुभ्र होते, आता वयाने आणि चहाच्या डागांनी पिवळट झाले आहे. माझं डोकं फार लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. पण तापलं की खटका पडतो आणि मी गार व्हायला लागते. मनात काही धरून ठेवायचा माझा स्वभाव नाही. एकच गोष्ट तेवढी मनात राहिली आहे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. खूप खडखडाट होता, मग एका खोक्यातला मऊ अंधार. खोकं उघडलं ते इंग्लंडमध्ये, रीडिंग गावातल्या एका ऑफिसच्या किचनमध्ये. मला खिडकीशी ठेवलं. खिडकीतून रस्ता दिसायचा, समोर बस स्टॉप दिसायचा. मी उकळायला लागले की वाफ काचेवर जायची, आणि बस, माणसं, छत्र्या, सगळं विरघळून एकमेकांत मिसळायचं. काच कुणी पुसू नये असं मला वाटायचं.

आता मी मराठी कशी बोलते, असं विचाराल. ते सुचेतामुळे. सुचेता आमच्या ऑफिसातली, जन्म बर्मिंगहॅमचा, आई-वडील मूळचे साताऱ्याचे. माझ्याशेजारी उभं राहून ती रोज आईला फोन करायची. तिच्या मराठीत 'माझा आई' असायची आणि 'ती डबा' असायची. तिचं ऐकून मीही बरेच दिवस स्वतःला 'तो किटली' म्हणत होते. हसू नका, लहानपणी सगळ्यांचं असंच होतं.

तिथली चहाची रीत तुम्हाला सांगायला हवी. ज्याला चहाची तल्लफ येते तो उठतो आणि आसपासच्या सगळ्यांना विचारतो, "चहा?" एकदाच विचारतो. हो म्हणालात तर तुमचा मग भरला. नको म्हणालात तर नको. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं, असं त्यांना वाटतं. मला ही रीत बरी वाटायची. नागपूरहून परीक्षित येईपर्यंत.

दोन हजार चार सालच्या पानगळीत तो आला. उंच, किडकिडीत, स्वेटरवर स्वेटर घातलेला. आणि भिडस्त किती! त्याच्या घरची रीत वेगळी. पाहुण्याने आधी 'नको' म्हणायचं, घरच्यांनी 'अहो, घ्या हो' म्हणायचं, पाहुण्याने पुन्हा 'खरंच नको' म्हणायचं, आणि मग 'बरं, अर्धाच' म्हणत भरलेला कप संपवायचा. इथे कुणी विचारलं, "परीक्षित, चहा?" की हा हसून म्हणायचा, "नको, नको." विचारणारा पुढे जायचा. हा त्याच्या पाठीकडे बघत राहायचा. कितीतरी दिवस त्या पोराने ऑफिसात कुणाच्या हातचा चहा प्यायला नाही. सगळ्यांना वाटलं, याला चहा आवडत नाही. नागपूरच्या माणसाला चहा आवडत नाही म्हणे! माझं पाणी नुसतं खदखदायचं.

दुपारी किचन रिकामं झालं की तो हळूच यायचा. एका कपापुरतं पाणी माझ्यात भरायचा, चहा करायचा आणि खिडकीशी उभा राहायचा. वाफेत तोंड घालून तो माझ्याशी मराठीत बोलायचा. सुचेताशी बोलायचीही त्याला भीड वाटायची, दुसरं बोलणार तरी कुणाशी?

आमचं ऑफिस बस स्टॉपवरच्या पाट्यांचं काम करायचं. पुढची बस किती मिनिटांत येईल हे सांगणाऱ्या, दिव्यांच्या अक्षरांच्या पाट्या. समोरच्या स्टॉपवर खांब उभा राहिला होता, वर पाटीही बसली होती, पण ती काळी, मुकी. मिनिटांचा हिशेब लावणारं सॉफ्टवेअर परीक्षित लिहीत होता. वसंत ऋतूत ती पाटी पहिल्यांदा उजळणार होती.

"ती लागेल ना, तेव्हा मी तिथे उभा राहणार," तो मला सांगायचा. "कुणाला सांगणार नाही की हे माझं आहे. एखादी आजीबाई पाटी वाचेल, पिशवी खाली ठेवून निवांत बसेल. तेवढं बघायचं आहे मला. बस."

हे सांगताना त्याचा चहा गार व्हायचा. मला त्याचा रागही येत नसे. मीही मग त्या काळ्या पाटीकडे बघत बसायचे आणि दोघं मिळून मनातले मांडे खायचो.

डिसेंबर जवळ आला. परीक्षितचं ठरलेलं काम संपत होतं. एके दिवशी कॉलिन किचनमध्ये आला. कॉलिन त्याचा साहेब, गोरा, टकलू, मनाने चांगला माणूस. बोलणं इंग्रजीत झालं, मी तुम्हाला मराठीत सांगते.

कॉलिन म्हणाला, "परीक्षित, पुढच्या टप्प्यासाठी एक जागा आहे. तू उन्हाळ्यापर्यंत इथे राहशील का? की घरी जायला आवडेल?"

माझ्या पोटात पाणी खळखळलं. म्हण, म्हण, हो म्हण!

आणि परीक्षित काय म्हणाला? "नाही, नाही, माझ्यासाठी उगाच त्रास नको. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

"नक्की?"

"नक्की, नक्की." आणि वर लाजून हसला.

"बरं तर," कॉलिन म्हणाला, आणि आपला चहाचा मग उचलून गेला.

अरे गाढवा! तो 'नक्की?' हाच त्यांचा सगळा आग्रह होता. पण मी किटली. मी शिट्टीसुद्धा वाजवू शकत नाही, ती जुन्या काळच्या माझ्या आज्या वाजवायच्या.

सगळ्यात वाईट म्हणजे तो खूश होता. दुपारी आला आणि काचेवर बोटाने बसचं चित्र काढत म्हणाला, "विचारलं त्यांनी! आता परत विचारतील तेव्हा हो म्हणतो. पहिल्या फटक्यात हो म्हटलं असतं तर टपलेलाच होता असं वाटलं असतं." तो गुणगुणत होता. मला काय वाटलं ते काय सांगू! पुढचे कितीतरी दिवस कॉलिन किचनमध्ये आला की हाही मागोमाग यायचा, उगाच चमचे विसळायचा. कॉलिन हवेविषयी बोलायचा आणि निघून जायचा.

मग एका सकाळी परीक्षित आला तो तोंड पांढरं पडलेला. नागपूरचं विमानाचं तिकीट त्याच्या नावाने आलं होतं. त्याने मला भरलं, पण खटका दाबलाच नाही. नुसता उभा राहिला.

तेवढ्यात सुचेता सगळ्यांचे मग घेऊन आली. "काय झाला? बरं नाही का तुला?"

"सुचेताताई, मला परत पाठवताहेत."

"पण तूच तर नको बोलला ना! कॉलिन सॅड होता. तो बोलला, परीक्षितला घरी जायचाय."

"अहो, मी पहिल्यांदा नको म्हणालो! पहिल्यांदाच हो कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

सुचेताने हातातले मग ओट्यावर ठेवले. आधी तिला हसू आलं, मग तिचे डोळे भरले. "माय गॉड. माझा आजी असाच करायची. तीन वेळा नको, मग सगळा श्रीखंड संपवायची. परीक्षित, कॉलिनला नाही माहीत रे हे. इथे पहिला 'नो' म्हणजे 'नो'. तू जाऊन सांग त्याला. मी नाही सांगणार, तू सांग."

"मागायचं? आपण होऊन?"

"हो. मागायचा."

बघा, केवढासा शब्द! पण त्या मुलाने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. घरी पोळी वाढतानाही आईने विचारायची वाट बघितलेली. कॉलिनने चहासाठी येऊन माझा खटका दाबला तेव्हा याचे कान लाल झाले होते.

"मला राहायचं आहे," तो म्हणाला. "मला हवं आहे. पाटी लागेल तेव्हा मला इथे असायचं आहे. त्या दिवशी मी नाही म्हणालो, पण ते खरं नव्हतं. आमच्याकडे पहिलं 'नको' मोजायचं नसतं."

कॉलिन खुर्ची ओढून बसला. "अरे परीक्षित," तो म्हणाला, "ती जागा मी कालच एका मुलीला दिली. लीड्सहून येते आहे ती. तिथली नोकरी सोडली तिने. तिला आता नाही कसं म्हणू?"

माझा खटका पडला तो मोठ्याने वाजला.

"नाही म्हणू नका तिला," परीक्षित म्हणाला. आणि हे 'नका' मात्र खरं होतं.

कॉलिनने वरच्या साहेबांकडे पुष्कळ खटपट केली, पण दुसरी जागा निघाली नाही. परीक्षित गेला. जायच्या दिवशी त्याने माझ्या पोटात व्हिनेगर घालून साचलेला क्षार काढला, मला तीनदा धुतलं, आणि लीड्सच्या त्या मुलीला आपलं काम ओळ न् ओळ समजावून दिलं. मला वाईट वाटलं, मित्रांनो. फार वाईट वाटलं. पुढचे कितीतरी दिवस मी पाणी उकळत होते, पण खिडकीकडे बघवत नव्हतं.

एप्रिल आला. समोरच्या झाडाला पांढरी फुलं आली. एका सकाळी सुचेता धावत किचनमध्ये आली, मागून कॉलिन. कॉलिनने मला लावलं आणि खिशातला फोन काढून नागपूरला लावला. पलीकडून आवाज येताच त्याने माझा खटका बंद केला, माझ्या आवाजाने बोलणं बुडू नये म्हणून.

"परीक्षित, मी कॉलिन. पाटी आत्ता लागणार आहे. मी खिडकीत उभा आहे. काय दिसतंय ते सांगू का तुला?"

पलीकडून तोच भिडस्त आवाज आला. "नको, नको. तुम्ही कामात असाल."

कॉलिनने फोन ठेवला नाही. त्याने सुचेताकडे बघितलं, बाहेर बघितलं आणि पुन्हा विचारलं, "सांगू का?"

"तुमचा उगाच वेळ जाईल..."

"परीक्षित," कॉलिन तिसऱ्यांदा म्हणाला, "सांगू का?"

मग परीक्षित म्हणाला, "हो. सांगा. हवंय मला."

आणि कॉलिनने सांगितलं. काळ्या पाटीवर एक ठिपका लागला, मग ओळच्या ओळ. केशरी अक्षरं, चार मिनिटं. निळा कोट घातलेली एक बाई मान वर करून वाचते आहे. आता तीन मिनिटं. तिने पिशवी बाकावर ठेवली. ती बसली. एक एक गोष्ट त्याने सांगितली, घाई केली नाही. बस वळणावर दिसली तेव्हा पाटीही बस आल्याचंच सांगत होती, आणि सुचेता ओरडली, "आला, आला, परीक्षित, तुझा बस आला!"

"तुझी बस, ताई," पलीकडून रडता रडता हसण्याचा आवाज आला. "माझी बस येऊन राहिली!"

आता माझ्या जागी चकचकीत स्टीलची किटली आली आहे. मी सिंकखालच्या कपाटात असते, पाहुणे जास्त झाले की मला बाहेर काढतात. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखादं भिडस्त पोर असेल. ते नको म्हणेल आणि तुमच्या पाठीकडे बघत राहील. जरा थांबा, वळा, आणि अजून एकदा विचारा. आणि ते पोर तूच असशील, तर ऐक, बाळा. मला नुसती चोच आहे, तुला तोंड आहे. हवं असेल तेव्हा हवं म्हण.