साध्या पाण्याचा लोटा

पाण्याचा खारटपणा दाखवणाऱ्या हायड्रोमीटरची काचेची दांडी पाण्यातून दोन रेघा जास्त वर आली होती. सुमतीने डोळा पाण्याच्या पातळीशी आणून पुन्हा पाहिले. एक पूर्णांक शून्य सव्वीस. मोजणीच्या पहिल्या दिवशी चोवीस होते; एका रेघेचा फरक ती चालवून घेई, दोन रेघांचा नाही. तिने वहीत आकडा लिहिला, 'दिवस अकरावा' खोडले आणि वर 'दिवस शून्य' लिहिले.

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या त्या टाकीत मुंबईहून रेल्वेने आणलेले समुद्राचे पाणी होते आणि खडकाला चिकटलेले एकच समुद्रपुष्प, फुलासारखा दिसणारा प्राणी. महिनाभर ते मिटून सुपारीएवढे झाले होते.

रसायनशास्त्र विभागातल्या मुकुंदने तिला दोन वर्षांपूर्वी लग्नाचे विचारले होते. विचार करते, असे ती तेव्हा म्हणाली होती. यंदा फेब्रुवारीत त्याने परत विचारले, तेव्हा ती म्हणून गेली, "या टाकीचं पाणी सलग तीस दिवस स्थिर राहिलं की सांगते." त्याने ते मान्य केले आणि रोज दुपारी येऊन पाण्याचा पीएच मोजू लागला. आता एप्रिल निम्मा सरला होता.

"पुन्हा शून्य?" त्याने दारातूनच विचारले.

"पुन्हा."

"हे फूल माझ्या वाईटावर आहे."

प्रयोगशाळेतले जुने परिचर जागेश्वर बरणी पुसत होते. "मी तं रोज भरून राहिलो, मॅडम. जेवढं उडते तेवढं, बरोबर रेघेवर. आपल्या बाटलीतलंच, खारं."

सुमतीने पेन खाली ठेवले. "खारं?"

"समुद्राचं हाय न ते. त्याले सादं पाणी काहून देऊ? पाव्हण्याले त्याच्या घरचंच जेवण रुचते."

ती त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "जागेश्वरभाऊ, तुमच्या घरी भागीरथावहिनी मागाच्या सुताला भाताची खळ लावतात ना? उन्हानं खळ घट्ट झाली, तर त्यात काय घालतात?"

"सादं पाणी. पाणीच उडते, भात थोडाच उड..." त्यांनी हातातल्या बरणीकडे पाहिले. "म्हणजे मी रोज मीठच वाढवून राहिलो. सायबाचं लगन मीच अडवून ठेवलं म्हना की."

मुकुंदला हसू आवरेना.

"चूक माझी," सुमती म्हणाली. "रेघेपर्यंत भरा म्हटलं. कशानं, ते सांगितलंच नाही."

चार दिवसांत तिने आकडा हळूहळू चोवीसवर आणला आणि दिवस नव्याने मोजायला घेतले. मुकुंद रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून ऊर्ध्वपातित शुद्ध पाणी आणी आणि जागेश्वर सकाळी त्यातले लोटाभर टाकीत सोडत. बाहेर ऊन चढत गेले, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. आकडा हलला नाही.

एकोणिसाव्या दिवशी जागेश्वर पायऱ्यांपर्यंत तिला घ्यायला आले. "चला लवकर."

समुद्रपुष्प बशीएवढे उमलले होते. त्याची गुलाबी टोके पाण्यात सावकाश हलत होती. तिघेही वाकून बघत राहिले.

"अजून अकरा दिवस," मुकुंद म्हणाला.

"नको," सुमती म्हणाली.

मुकुंदचा चेहरा उतरला. जागेश्वरांचा लोटा हातातच राहिला.

तिने वही मिटली. "अकरा दिवस थांबायला नको. पाणी रोज उडणारच आहे, रोज भरू. मी तुमच्याशी लग्न करते."