मापात बसलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, खाली वळलेल्या हँडलची सायकल आहे. माझा पहिला मालक कॉलेजात शिकत होता. त्याने मला चार वर्षे रोज पळवले. पुढे त्याला नोकरी लागली, पोट सुटले आणि मी एका दुकानात हुकाला लटकले. चेनला गंज चढला. दुकानवाले काका येता-जाता म्हणत, "या महिन्यात खपली नाही, तर हिचे भाग सुटे करतो." ते ऐकून माझ्या चाकांतली उरलीसुरली हवाही निघून जाई.

अशात एक तरुण आई दुकानात आली. कडेवर दीड वर्षांची लेक, सोबत दीर. तिला ट्रायथलॉन करायची होती. म्हणजे आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे, सगळे एका दमात. बाळंतपणानंतर तिला जिना चढतानाही धाप लागे. लेक हात सोडून रस्त्यावर पळाली, तर आपण तिला गाठू का, या विचाराने तिला झोप लागत नसे. "नंबर नको मला. एकदा शेवटपर्यंत पोचायचंय," ती काकांना म्हणाली.

दिराची नजर मात्र समोरच्या काळ्या, चकचकीत सायकलवर खिळली होती. "वहिनी, हीच घ्या! वाऱ्यालासुद्धा पत्ता लागायचा नाही!"

"भावोजी, वाऱ्याचं राहू द्या. माझी बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत."

काका हसले. "ताई, पहिली सायकल आहे ना? मग मापाची बघू." त्यांनी मला खाली उतरवून तिला माझ्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे केले. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले. ब्रेक हाताशी आले. तिने ते अकरा वेळा दाबून पाहिले, मान वळवून मागचे दिसते का तेही पाहिले. माझ्या किमतीत तिचे हेल्मेट आणि पंपही बसत होते.

"जुनी घेताय, वहिनी. ऐनवेळी दगा देईल," दीर म्हणाला. ते मला फार लागले.

काकांची एक रीत होती. ट्यूब बदलून दाखवल्याशिवाय ते नवख्या गिऱ्हाइकाला सायकल नेऊ देत नसत. ती तीनदा चुकली. चौथ्यांदा जमले.

पुढचे चार महिने आम्ही पहाटे निघायचो. चढावर ती माझ्याशी बोलायची, "चल गं, त्या खांबापर्यंत." तिची धाप कमी झाली, माझी चेन लखलखली.

शर्यतीच्या सकाळी सगळ्या सायकली मांडणीला टांगल्या होत्या. तिने टायरवर छापलेल्या आकड्यापर्यंत हवा भरली. मग, काळजीपोटी, "थोडी अजून असू दे" म्हणत आणखी भरली. ती पाण्यात उतरली, ऊन चढले आणि माझ्या मागच्या चाकाची ट्यूब फटकन फुटली.

ती निथळत धावत आली आणि थबकली. मी शरमेने मेले. आता हिलाही वाटणार, जुनीने दगा दिला.

कुंपणापलीकडून दीर ओरडला, "वहिनी, थांबा, मी येतो!"

"नको! बाहेरच्याने हात लावला तर मला बाद करतील. आणि सायकलीला बोल लावू नका. हवा मीच जास्त भरली."

ती खाली बसली. चाक निघाले, सीटखाली बांधलेली जादा ट्यूब घातली, पंपाने बेताची हवा भरली, चाक बसले. तोवर शेजारच्या साऱ्या सायकली निघून गेल्या होत्या. मग आम्ही दोघी निघालो. त्या दिवशी मी जशी पळाले, तशी नवी असतानाही पळाले नव्हते.

मित्रांनो, शर्यत कुठे संपते ते सायकलीला कधीच दिसत नाही. मला परत टांगून ती धावायला गेली. एकेक मालक आपापली सायकल घेऊन गेला. दुकानातल्या त्या सायकलीसारखी एक काळी, चकचकीतसुद्धा गेली. मांडणीवर मी एकटी उरले. किती वेळ गेला कोण जाणे.

मग माझ्या सीटवर एक घामेजलेला हात पडला. माझ्या दांडीवर कपाळ टेकून ती हसत, रडत उभी राहिली. "पोचले गं," एवढेच म्हणाली.

तुमच्या घरीही माझी एखादी बहीण धूळ खात असेल. तिची चेन पुसा, चाकात बेताची हवा भरा. आणि काही बिघडले, तर तिला नावे ठेवण्याआधी जरा खाली बसून बघा.