दुसऱ्याच्या गाडीला टेकून

गाव जिला मानानं 'दोन्या' म्हणे, त्या एदुविहेसचं अक्षरांशी कधी जमलं नाही. सही करायची वेळ आली की कागद जणू डोंगर असल्यासारखी ती धापा टाकायची. म्हणून दिलसियानं, तिच्या थोरल्या लेकीनं, तिला फोनवरचं बटण दाबून धरायचं आणि बोलायचं एवढंच शिकवलं. ते मात्र म्हातारीनं असं उचललं की होंडुरासातल्या लास पिलास गावात चुलीवर कॉफी चढायच्या आत अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून तिचा आवाज पोचलेला असे. कुणाच्या सुनेनं सासूला उलट उत्तर दिलं, चर्चच्या वर्गणीला कुणी हात आखडता घेतला, सगळ्यांचा समाचार ती इथं बसून घ्यायची.

"आई, जरा बेतानं गं," दिलसिया म्हणायची. "नाहूनच्या फोनमधलं, फेसबुकवरचं, सगळं सरकार बघतं."

"बघू दे की! कान देऊन ऐकूही दे. चार शहाणपणाच्या गोष्टी कळतील मेल्यांना."

नाहून तिचा धाकटा. सरकारकडं आसरा मागून तो बहिणीच्या घरी राहत होता आणि छपरं शाकारायच्या कामावर जात होता. सरकारी ऑफिसनं फोनमध्ये घालून दिलेलं पाळतीचं अ‍ॅप वाजलं की छपरावर असो की संडासात, तोंडाचा फोटो काढून पाठवावा लागे. तारखेला गेला की त्याचा फोन आत नेत आणि तो बाहेर बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसे. फेसबुकवरची नावं तर त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून घेतली होती. नाहून स्वतः कुठं काही टाकत नसे. जे टाकायचं ते आईच टाकायची आणि त्यावर त्याचं नाव जोडायची.

लास पिलासची एक रीत आहे. उत्तरेला पोचलेला माणूस पहिल्या काही महिन्यांतच कुणाच्या तरी चकचकीत गाडीला टेकून फोटो काढतो आणि गावाला धाडतो. गाडी दुसऱ्याची आहे हे गावाला ठाऊक असतं, तरी गाव वाहवा करतं, कारण उद्या आपल्या पोराचा फोटो यायचा असतो. दोन्या एदुविहेसनंही इकडं आल्या आल्या शेजाऱ्याच्या लाल गाडीला नाहूनला टेकवला, हनुवटी वर करायला लावली, आणि फोटोखाली आपला आवाज जोडला. "हा बघा माझा नाहून! घाबरून पळाला म्हणणाऱ्यांच्या जिभेला किडे पडोत. माझा पोरगा कुणाच्या बापाला भीत नाही. स्वतःच्या मर्जीनं कमवायला आलाय. मनात येईल तेव्हा परत येईल आणि बाजारात छाती काढून फिरेल!"

हाच आवाज नाहूनच्या वकिलीणबाई मरिसोलनं आपल्या ऑफिसात तिला ऐकवला.

"हा तुमचाच ना?"

"माझाच. खणखणीत आहे की नाही?"

मरिसोल हसली नाही. "सरकारी वकिलानं हा कोर्टात दिलाय. नाहून सांगतो, परत गेलो तर मारतील. आई सांगते, तो कुणाला भीत नाही, मनात येईल तेव्हा परत येईल. आता जजनं कुणाचं खरं मानायचं?"

 शेजारी नाहून आपल्या बुटांकडं बघत होता.

"आणि यानं तरी काय सांगितलंय?" मरिसोल म्हणाली. "'त्यांनी धमकी दिली.' बस्स. अशी वाक्यं जज दिवसभर ऐकतात. नक्की काय झालं, ते मला कुणी सांगतच नाही."

"आई, नको," नाहून पुटपुटला.

शेवटी दिलसियाच बोलली. "व्हिडिओ होता."

नाहून गावात तीनचाकी चालवायचा. ती पोरं, म्हणजे तिथल्या गुंडांची टोळी, पण गावात त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही, आली आणि म्हणाली, आमची पुडकी पोचवायची. नाहून नाही म्हणाला. मग भर बाजारात त्यांनी त्याला बायकी झगा घातला, मानेला पिस्तूल लावलं आणि नाचायला लावलं. लोकांना फोन वर धरायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते घरोघरी पोचलं. दुसऱ्याच दिवशी नाहूननं गाव सोडलं, आणि दोन्या एदुविहेस, ती तेव्हा गावातच होती, दिलसियानं तिला नंतर इकडं आणलं, हातात डाव घेऊन दारोदार फिरली. "पुस. माझ्यासमोर पुस. दाखव. अजून कुणाला पाठवलास? त्यालाही हाक मार." तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. गावानं मुकाट पुसलं.

"तोच हवा," मरिसोल म्हणाली. "पिस्तूल दिसतंय ना त्यात? मग तोच हवा."

"पुसला," दोन्या एदुविहेस म्हणाली. "मीच पुसायला लावला."

मरिसोलनं कपाळाला हात लावला. "एकाकडंही नसेल?"

एका बाईकडं असेल, हे म्हातारीला ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीतल्या तोमासानं "माझा फोन, माझी मर्जी" म्हणत तोंडावर दार लावलं होतं, आणि दोन्या एदुविहेसनं सगळ्या गल्लीदेखत तिला मढ्यावरचं गिधाड म्हटलं होतं. नाहून घाबरून पळाला असं म्हणत फिरणारीही तीच, असं तिच्या कानावर आलं होतं. लाल गाडीखालचा तो आवाज तिच्यासाठीच तर होता.

नाहून उठून उभा राहिला. "ते कोर्टात दाखवणार असाल तर मी आपणहून परत जातो."

"जा की! पेटीत घालून तुला मिरवतील, मी मागून मेणबत्ती घेऊन येते!" बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण कुणाला काय बोललो.  नाहून दार हळू लावून गेला.

दुपारी दिलसियाच्या स्वयंपाकघरात तिनं फोन लावला. आवाज पाठवून भागणार नव्हतं, थेटच बोलायला हवं होतं.

"कोण? एदुविहेस?" पलीकडून तोमासा म्हणाली. "अगबाई! मला वाटलं, गिधाडांना कुणी फोन करत नाही."

"तोमासा, कशी आहेस?"

"उडतेय. तुझं काय काम होतं, ते बोल."

"तुझ्याकडं... ते आहे का?"

"ते म्हणजे काय? नाव घे की. एरवी तर सगळ्यांची घेतेस."

दोन्या एदुविहेसनं ओट्याची कड धरली. "माझ्या नाहूनचं. बाजारातलं. झग्यातलं."

पलीकडं कोंबडी ओरडली. तोमासानं तिला हाकललं आणि मग म्हणाली, "आहे."

"मला पाठवशील? कोर्टात द्यायचंय. नाहीतर त्याला परत धाडतील."

"पाठवते."

एवढ्यावर ती सोडील असं दोन्या एदुविहेसला वाटलं नव्हतं. शिव्या खायची तयारी करून ती बसली होती. "तू हसशील म्हणून मी..." ती बोलू लागली.

"ऐक बाई, आज तू ऐक. माझ्या पोराला, ऑस्मिनला, त्यांनी नेलं तेव्हा कुणी फोन वर केला नव्हता. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तूही घातलीस. पोलिसांत गेले तर म्हणाले, पुरावा दे. काय देणार? त्याची चप्पल? म्हणून तुझ्या पोराचं ठेवलं. कधी ना कधी कुणीतरी विचारेल म्हणून. मी ते दुसऱ्यांदा पाहिलेलंही नाही."

तोमासाचं अजून संपलं नव्हतं.

"आणि घाबरून पळाला, असं मी कधी म्हटलं नाही. बरं झालं पळाला, असं म्हटलं. माझा पळाला नाही." फोन ठेवला गेला.

कोर्टात पडदा भिंतीवर होता. जजबाईंनी चष्मा लावला. बाजार दिसला, केळीवाली दिसली, मग झगा दिसला. आवाज चालूच होता, आणि त्यात गावाचं हसू होतं, भीतीनं फाटलेलं, पण हसूच. शेवटी कसाबसा तयार झालेला नाहून पडद्याकडं पाठ करता येईल तेवढी करून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे.

सरकारी वकील तरणा होता, सभ्यपणे बोलायचा. दुभाषा त्याचं बोलणं साक्षीला बसलेल्या दोन्या एदुविहेसच्या कानात सांगत होता. "बाई, फोटोखाली तुम्ही म्हणालात, तो कुणाला भीत नाही. हे खरं?"

"खोटं."

"कमवायला आला, हे?"

"तेही खोटं. जीव वाचवायला आला."

"मग सगळ्या गावाला खोटं का सांगितलंत?"

"लाज वाटली."

"कुणाची? त्या गुंडांची?"

हो म्हणावं, असं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. सोपं होतं, सगळ्यांना पटलंही असतं. पण हात वर करून देवाची शपथ घेतली होती, आणि आपलं एक खोटं या खोलीत येऊन काय करून गेलं ते तिनं पाहिलं होतं.

"त्याची," ती म्हणाली. "माझ्या पोराची. तो झग्यात नाचला म्हणून. तो मेला असता तर मी छाती बडवून सगळ्यांना सांगितलं असतं. जिवंत राहिला, तर मला तोंड लपवावंसं वाटलं."

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली गेला. नाहूनला इंग्रजीची गरज नव्हती. त्यानं ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

जजबाईंनी बराच वेळ कागद पाहिले आणि सांगितलं की नाहूनला इथं राहता येईल. सरकारी वकिलानंही हरकत घेतली नाही. मरिसोल दिलसियाच्या गळ्यात पडली. बाहेर व्हरांड्यात दिलसिया रडत, हसत कुणाकुणाला फोन लावत होती. लिफ्टचं दार उघडलं, ती आणि मरिसोल आत गेल्या. नाहून मात्र जिन्याकडं वळला.

म्हातारीचे गुडघे कधीच गेलेले. तरी कठड्याला धरून, एकेक पायरी दोन्ही पायांनी घेत, ती त्याच्या मागून उतरू लागली. खालून त्याच्या बुटांचा आवाज येत होता. मग तो थांबला. तिला वाटलं, निघून गेला.

गेला नव्हता. वळणावर तो तिच्यासाठी उभा होता, पण तोंड भिंतीकडं करून. ती पोचली, त्याच्याजवळून जाताना तिच्या शालीचा पदर त्याच्या बाहीला घासला. तिनं मान वर केली नाही. त्याला तिच्याकडं बघायचं नव्हतं, आणि आपण त्याच्याकडं बघणं आत्ता त्याला सोसणार नाही, एवढं तिला कळत होतं. ती पुढं झाली, आणि तो तिच्या मागून, तिच्याच चालीनं, एकेक पायरी उतरू लागला.