पत्त्यावर लिहिलेला नियम

इरावतीला तो नियम चुकीचा आहे हे पहिल्याच वाचनात कळलं होतं. तरी तिने ‘मंजूर’चं बटण दाबलं. आता बारा दिवसांनी, पोलोग्राउंडवरच्या जुन्या कारखान्यात थाटलेल्या त्या ऑफिसात, ती सकाळपासून तोच नियम पुन्हा पुन्हा उघडून वाचत होती.

नियम लिहिला होता विजयकाकांनी. काका म्हणजे तिच्या वडिलांचे दोस्त. ऑफिसात मात्र सर. वय सत्तावन्न. कॉलेज झाल्यावर इरावती वर्षभर नोकरीविना घरी बसली, तेव्हा याच माणसाने तिला छत्रीबागेतल्या आपल्या घरी बोलावून केबल जोडण्यापासून सगळं शिकवलं आणि मग इथे चिकटवून दिलं. त्यांच्यापुढे बोलायला तिची जीभ रेटत नसे.

ऑफिस पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर चालवायचं आणि काका फायरवॉल सांभाळायचे. फायरवॉल म्हणजे कुठल्या मशीनने कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, याची यादी. काकांच्या उमेदीच्या काळात मशीन एकदा ठेवलं की वर्षानुवर्षं जागचं हलत नसे. त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे एक नंबर, यादीत लिहिला की झालं. आता सगळं कंटेनर नावाच्या तात्पुरत्या सॉफ्टवेअर-कप्प्यांत चालतं आणि कंटेनर म्हणजे भाडेकरू. आज एक, उद्या दुसरा, खोली तीच. म्हणून नियम खोलीच्या नंबरावर लिहायचा नसतो, भाडेकरूच्या नावाचं लेबल असतं, त्यावर लिहायचा. काकांनी सवयीने नंबर लिहिला.

ऑफिसची रीत अशी की एकाने नियम लिहायचा, दुसऱ्याने वाचून मंजूर करायचा, आणि चूक दिसली तर तिथेच लिहायची. ते मग साऱ्या टीमला दिसतं. महिनाभरापूर्वी देवांश नावाच्या नव्या पोराने काकांची अशीच एक चूक भर मीटिंगमध्ये दाखवली होती, वर हसलाही होता. काकांचे कान लाल झालेले इरावतीने पाहिले होते. आपण त्यात भर नको घालायला, सोमवारी गुपचूप दुरुस्त करून टाकू, असं तिने ठरवलं. सोमवारी दुसरंच काम उपटलं आणि ते राहून गेलं.

मग ज्याचा पत्ता त्या नियमात होता, तो कंटेनर बंद पडला. त्याचा पत्ता मिळाला डेमोच्या कंटेनरला, जो कुणालाही पाहता यावा म्हणून इंटरनेटवर सताड उघडा ठेवलेला. फायरवॉलने पत्ता ओळखला आणि त्याला थेट पेशंटच्या रिपोर्टांपर्यंत जाऊ दिलं. कुणीतरी चारशे रिपोर्ट उचलून नेले. सकाळी एका बाईचा फोन आला, तोही नेमका इरावतीने घेतला. माझा रिपोर्ट सासरच्यांना दिसेल का, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. बघून सांगते, म्हणत इरावतीने फोन ठेवला. तिला स्वतःची लाज वाटली.

चार वाजता ऑफिसच्या प्रमुख प्रियंका मॅडमनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. काकांनी एका वाक्यात चूक कबूल केली. मंजुरी कुणाची, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “इरावतीची. पण मीच जल्दी केली, मॅडम. तिला वाचायला टाइमच नाही दिला.”

हे साफ खोटं होतं. त्या दिवशी कसलीच घाई नव्हती. मॅडमनी मान डोलावली आणि निर्णय सांगितला: काकांचं लॉगिन सहा वाजता बंद, उद्यापासून त्यांनी यायचं नाही. इरावतीचं नाव कुठेच आलं नाही. गप्प बसली असती तर ती सहीसलामत सुटली असती.

“मी वाचला होता,” ती म्हणाली. “चूक दिसली होती मला. तरी मंजूर केला.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि तुझं उद्या बघू म्हणाल्या. खोली रिकामी झाली. काका मात्र खुर्चीतच बसून राहिले.

“तुला दिसलं होतं?” त्यांनी विचारलं.

“हो, काका.”

“मग बोलली का नाहीस, बेटा?”

“सगळ्यांसमोर तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आवाज चढला नव्हता, पण इतक्या वर्षांत ते तिच्याशी असे कधी बोलले नव्हते.

“म्हणजे तूपण मला बुढ्ढा समजून सोडून दिलंस. देवांश हसला, ठीक आहे. पण त्याने निदान सांगितलं तर सही.”

इरावतीला रडू फुटलं. तुम्ही समजता तसं नाही, असं तिला म्हणायचं होतं, पण ते तसंच होतं, म्हणून तिला म्हणता येईना. लेबल कसं लिहितात ते मी आत्ता दाखवते काका, एवढं ती कसंबसं बोलली. त्यांनी ऐकलं आणि आपली वही उचलली.

ते उठून बाहेर गेले आणि देवांशच्या टेबलापाशी उभे राहिले. पोरगा आधी गडबडला. मग त्याने आपली खुर्ची काकांना दिली, स्वतः शेजारी स्टूल ओढलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून समजावू लागला. काका एकेक ओळ वहीत उतरवून घेत होते. सहा वाजायला तासभर होता. इरावती काचेच्या दाराआड उभी राहून ते बघत राहिली. काकांनी एकदाही वळून पाहिलं नाही.